कुंडातली माणसं

सात वर्षं, रोज सकाळी साडेसहाला,
आम्ही एकाच गरम पाण्यात बसायचो.
बाहेर उणे नऊ, आत चाळीस.
वाफेत नुसती डोकी दिसायची, भुवयांवर बर्फाची पूड.
डोकी बोलायची:
कॉडचा भाव, बोगद्याचं रखडलेलं काम,
कुणाची मेंढी कुणाच्या कुरणात.

केतिलच्या छातीवरची उभी शिवण मला पाठ आहे.
हाल्फ्रीदुरच्या डाव्या पायाला चारच बोटं.
बाउर्दुरचे कान कडांना लाल,
पाण्यात उतरताना दर वेळी एक लांब हुश्श,
जणू कुणी खांद्यावरून पोतं उतरवून घेतलं.
एवढंच ठाऊक. आडनावं आमच्याकडे नसतातच,
आणि बापाचं नाव विचारायची
कधी वेळ आली नाही.

ऑक्टोबर सरता सरता तरणतलावाच्या दारावर
कागद चिकटला. त्यात वाईट काही नव्हतं.
दोन मीटर, मास्क, हात धुवा,
आणि तळाशी कुणीतरी पेनानं काढलेला
हसरा सील मासा.
मी घरी आले, न्हाणीत टब भरला,
बसले त्यात एकटी.
पाणी तेवढंच गरम होतं.
दहा मिनिटांत बाहेर आले.

दुकानात दुधाच्या फ्रीजपाशी
जमिनीवर पिवळ्या पट्ट्या.
माझ्यापुढे लोकरी टोपी, जाड कोट, मास्क,
म्हणजे कुणीच नाही.
तो मागे सरकला, मी पुढे, मग दोघंही थांबलो.
"यंदा बर्फ उशिरा टिकणार," तो म्हणाला,
आणि तो आवाज मी ओळखला.
"केतिल?"
त्यानं मला खालपासून वर पाहिलं,
बूट, पिशवी, चष्मा. चष्म्यापाशी अडला.
"तुम्ही कोण?"
"अरे मी स्टेनुन! पाण्यातली!"
मागची बाई दोन मीटरवरून खुदकन हसली.
आम्हीही हसलो, पण कपड्यांतच अवघडलो,
जसे उघड्या अंगानं कधी अवघडलो नव्हतो.
"बाउर्दुर दिसला का कुठे?" त्यानं विचारलं.
मी म्हटलं, दिसला असेल.
काय ठाऊक, कोटात कसा दिसतो तो.

एका संध्याकाळी फोनची यादी उघडली.
आमच्याकडे पहिल्या नावानंच शोधतात.
बाउर्दुर तीन निघाले, तीनही आमच्याच फ्योर्डात.
बोट पहिल्यावर ठेवलं, उचललं.
काय म्हणणार होते? "कान लाल का तुमचे?"

नोव्हेंबरच्या मध्यात रेडिओवर
निधनवार्ता चालू होत्या, मी बटाटे सोलत होते.
बाउर्दुर अमुक यांचा मुलगा,
चर्चचे ऑर्गन सुरात लावायचे काम केले,
अंत्यविधी जवळच्या नात्यांपुरताच.
सुरी थांबली.
ऑर्गन? आमचा बाउर्दुर तर
रोज ट्रॉलरच्या इंजिनावर बोलायचा.
दुसरा असेल कुणी.
दुसरा असला, तर त्याच्या घरी रडणारंही कुणी असेल,
हे तेव्हा मनात आलं नाही, आता येतं.

डिसेंबरात तलाव उघडला.
कुंडावर नवी पाटी: एका वेळी चौघंच.
आम्ही तिघं आलो. मग हाल्फ्रीदुर.
चार झालो. पाटीप्रमाणे भरलो.
कोपऱ्यातली त्याची जागा,
जिथे पाण्याची धार पाठीला लागते,
ती नियमानं रिकामी होती की आणखी कशानं,
हे कुणी विचारेना.
शेवटी हाल्फ्रीदुरच म्हणाली, पाण्याकडे बघत,
"मी दफनभूमीच्या कुंपणाशी उभी होते.
आत सोडलं नाही. म्हणाले, नात्यातल्या आहात का?"
आम्हाला ना सोयर, ना सुतक.
"ऑर्गन वाजत होता?" मी विचारलं.
"दार बंद होतं," ती म्हणाली.

बराच वेळ कुणी भाव काढला नाही, ना कॉडचा, ना कशाचा.
मग केतिलनं आपला फोन नंबर सांगितला,
मोठ्यानं, दोनदा.
कागद कुठला, पेन कुठलं,
ओल्या माणसांनी तो तोंडानंच घोकला.
कपडे चढवून, मास्क लावून
गाडीपाशी पोचले तोवर
सातांतले चार आकडे उरले होते.
उरलेले तीन उद्या विचारेन.
उद्या कुंड उघडं असेल तर.