खुर्चीवरून

मे महिना. पावणेतीनला लाईट गेली.
कूलर घरघरत थांबला, वाळ्याचा वास तेवढा उरला,
गोळीबार चौकात चिटपाखरू नाही,
पेशंट तर नाहीच.
मी माझ्याच खुर्चीत आडवी झाले.

अकरा वर्षं हिच्या उजव्या बाजूला
चाकांच्या स्टुलावर बसून सांगत आले,
मोठ्ठा आ करा, काही होत नाही.
वर कधी पाहिलंच नव्हतं.

पंख्याच्या पात्यांना काळी किनार.
ओलीचा डाग, भंडारा जिल्ह्याच्या नकाशाएवढा.
ट्यूबलाईटच्या पट्टीत मेलेले किडे : सतरा.
आणि बरोब्बर नजरेसमोर
कंपनीनं फुकट दिलेलं पोस्टर,
किडक्या दाढेचा उभा छेद,
आत लाल अक्षरांत 'नस'.

हे सगळं
माणसं तोंड उघडं ठेवून पाहत होती
आणि बोलायची सोय मीच ठेवली नव्हती.

जाऊबाईंच्या ओळखीचा इंटिरियरवाला आला.
साडेतीन लाखांचं कोटेशन :
भिंतीवर धबधबा, जांभळे दिवे,
कोपऱ्यात ध्यानस्थ बुद्ध.
सुकेशिनीनं ट्रे पुसता पुसता विचारलं,
"बुद्धाले शोपीस काऊन करता, मॅडम?
त्यापरीस बाक उंच करा बाहेरचा.
म्हाताऱ्या बाया बसल्या का उठता नाही येत."

बाक उंच झाला.
पोस्टर खाली आलं, त्याच्यामागं भिंत अजून नवी होती.
कॉम्प्रेसर बाल्कनीत गेला, तिथं तो कबुतरांना घाबरवतो.
स्पिरिटचा वास काही जाईना,
मग सुकेशिनीनं दारात माठ ठेवला,
आलेल्याला आधी पाणी. एवढंच.
आणि एक नियम, मोठ्या अक्षरांत :
दुखलं तर डावा हात वर करा. मी थांबेन.

छतावर काय लावायचं ते मात्र सुचत नव्हतं.
आभाळ रंगवावं तर ते बालवाडीत असतं.
शेवटी आईची कोशाची साडी काढली,
करवतकाठी, घडीवर विरत चाललेली.
ताणून बसवली, खाली ॲक्रिलिकची शीट, धूळ नको म्हणून.
सुकेशिनी मान वर करून हसली,
"काठालेही दातच हायेत न जी!"

जूनमध्ये शालिकराम पौनीकर आले, तांडापेठेचे.
चाळीस वर्षं माग, तीस वर्षं खर्रा.
तोंड दोन बोटं उघडतं, कसंबसं.
ड्रिल लावली आणि त्यांचा डावा हात वर.
मी थांबले.
"दुखलं?"
मान हलवली, नाही.
पुन्हा लावली. पुन्हा हात.
मला वाटलं, पाहताहेत, खरंच थांबते का.
पाहू दे. माझ्याआधी कोण थांबलं असेल त्यांच्यासाठी?
तिसऱ्यांदा हात वर गेला तो खाली येईना.
बोट छताकडे.
तोंडातला कापूस बाजूला सारून म्हणाले,
"त्या काठात एक दात वाकडा गेला, मॅडम.
धोटा चुकला तिथं.
कवापासून सांगून रायलो."

मी वर पाहिलं. सुकेशिनीनं पाहिलं.
सगळे दात सारखेच.
"कुठं?"
"तं पाहा न नीट."
आणि डोळे तिथंच ठेवून
जेमतेम उघडणारं तोंड
त्यांनी स्वतःहून उघडलं.

साडी कुणाच्या मागावरची, मी विचारलं नाही.
पैसे देताना त्यांनीही काढलं नाही.
पुढच्या मंगळवारची वेळ घेतली, माठातलं पाणी प्यायले,
जिना उतरताना खिशातली पुडी चाचपली
आणि तशीच राहू दिली. वरच्या पायरीपर्यंतचं
मला दिसलं तेवढं सांगते.

आता शटर अर्धं ओढलं की
मी पाच मिनिटं आडवी होते,
डावीकडून मोजत जाते एकेक दात.
लोकांचे मोजते तसेच,
वरचे, मग खालचे.
वाकडा अजून सापडला नाही.