साठ की ऐंशी

लियाओचेंगहून फेंगबाईंचा निरोप येतो तेव्हा
आमच्या ग्युम्रीत पहाटेचे पाच.
"प्रिय मैत्रीण, साठ वॅट की ऐंशी?"
जणू चहात साखर एक चमचा की दोन.

मी वहीत रकाने आखलेत.
टेबल किती बाय किती,
नळी किती तास टिकते,
भिंगाला पुन्हा पैसे पडतील का,
लांब शिळा आरपार सरकवायला मागचं दार उघडतं का,
आणि त्या पत्र्याच्या खाटेला
दीडशे किलोचा बसाल्ट पेलवेल का?
शेवटच्या प्रश्नावर ती हसरा चेहरा पाठवते.
प्लायवूड कापणाऱ्यांना असलं काही विचारावं लागत नसणार.
आम्ही थडग्यांवरचे चेहरे करतो.

मागच्या गल्लीतल्या मुशेगने स्वस्तातली आणली होती.
जानेवारीत एका रात्री पारा उणे सव्वीस,
नळीभोवतीचं पाणी गोठलं, काच तडकली.
आता त्या मशीनमध्ये त्याच्या कोंबड्या बसतात.
"अंडी मात्र साठ वॅटची," तो स्वतःच सांगतो,
आणि मग हळूच:
पाणी गार ठेवणारं यंत्र सगळेच विकतात गं,
गोठू न देणारं कोण देतंय ते बघ.
मी एक रकाना वाढवला.

बाबा वहीकडे बघत नाहीत.
सुई, काळा दगड, टक टक टक.
लहानपणी त्यांनी एकदाच सांगितलं होतं:
काळ्या दगडावर आपण फक्त उजेड कोरायचा,
सावली त्याची त्याच्याकडे असतेच.
आणि पडलेला उजेड परत घेता येत नाही.

दोन वर्षांपासून त्यांची सुई
नको तिथे एक ठिपका जास्तीचा टाकते.
मग ते त्याचा तीळ करतात.
टेकडीवरच्या दफनभूमीत आता तीन बायका आहेत
ज्यांना मेल्यानंतर तीळ आला.
एकीच्याही घरच्यांनी तक्रार केली नाही.
एकीचा मुलगा म्हणाला, होता, होता,
मीच विसरलो होतो.

नमुना म्हणून मी फेंगला आईचा फोटो पाठवला होता.
सतरा दिवसांनी कुरियर आलं, तळहाताएवढा दगड.
घाव एकही सोसलेला नाही, आणि आई सगळीच्या सगळी:
पापण्या, कॉलरची लेस, वरच्या ओठाची लव.
अकरा मिनिटं लागली, असं चिठ्ठीत लिहिलंय.

बाबांनी भिंग लावलं.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "घडीसुद्धा कोरलीय."

फोटो वर्षानुवर्षं त्यांच्या पाकिटात दुमडलेला.
गालावरून हनुवटीपर्यंत ती पांढरी रेघ
मशीनने प्रामाणिकपणे उतरवली होती.
तिला काय ठाऊक, कुठे बाई संपते
आणि कुठे कागद सुरू होतो.

रात्री दुकानात दिवा दिसला.
टक टक.
सकाळी ती रेघ नव्हती.
म्हणजे होतीच, पण तिच्या शेजारी आणखी चार बारीक रेघा,
वाऱ्याने सुटलेली एक बट.
आई केस इतके घट्ट बांधायची
की लग्नातही एक सुटला नव्हता.
मी हे बोलले नाही.
"ऐंशी घे," बाबा म्हणाले,
"साठला डोळ्यांत उजेड कमी पडेल."

तीस टक्के आगाऊ पाठवले.
पोतीच्या बंदरापर्यंत जहाज, पुढे ट्रक,
जकात नाक्यावर किती दिवस, ते नाकाच जाणे.
फेंगने शेवटी कळवलं: मागचं दार उघडतं.
वजनाबद्दल अजून हसरा चेहराच.

आज बाबांनी दुकानाची जागा पावलांनी मोजली.
चौदा आणि अर्धं.
मग स्वतःचं स्टूल उचलून खिडकीशी नेलं,
जिथे हिवाळ्यात बोटं आखडतात,
आणि शेगडीजवळची जागा झाडून ठेवली.
"इथे ठेवू तिला," म्हणाले.
"पाणी गोठायला नको."