अर्थिंग

तीन कागद लागले.
वाढीव भाराचा अर्ज, शादुल वायरमनचा टेस्ट रिपोर्ट,
आणि सोसायटीचं ना-हरकत.
ते बिडवे सरांकडं अडलं.

"पार्किंगमधी गाडी पेटली तर?"
सर, तुमच्या टाकीत तीस लिटर पेट्रोल हाये.
हसले नाहीत. सही मात्र केली,
तारीख टाकायची विसरून.

शादुलनं कोपऱ्यात खड्डा घेतला.
कोळसा, मीठ, कोळसा, मीठ,
मधोमध तांब्याची पट्टी,
वर पेरणीच्या चाड्यासारखं फनेल.
"आठ दिवसाला बकेटभर पाणी सोडत जावा, मॅडम.
कोरडी पडली की जमीन करंट घेत नाही."

लातुरात.
एप्रिलात.
नियमात ओलावा लिहिलाय,
टँकरवाल्याचा नंबर नाही.

मग मी तांदळाचं धुवण साठवायला लागले.
भाजीचं, तांब्यातलं उरलेलं,
ओल्या फडक्यातनं पिळलेलंसुद्धा.
रविवारी बादली घेऊन तीन जिने खाली.

काल तिथं बिडवे सर उभे,
कुकरचं भांडं दोन्ही हातांनी धरून.
"मुगाचं आहे," म्हणाले. "चालतं ना?"

ओतलं.
चाड्यातनं खाली खाली जाणारा आवाज
दोघंही ऐकत राहिलो.
भिंतीवर हिरवा दिवा लागलेला.