रुपयाला दोन

मिरज स्टेशनसमोर, टांग्यांच्या रांगेला लागून
वडिलांचं दुकान: सुपारी, कात, चुन्याचा डबा,
आणि वरच्या फळीवर, बिस्किटांच्या गंजक्या पत्र्यात
चिरूट.
महाग माल आम्ही ठेवतच नव्हतो. घेणार कोण?

संध्याकाळची गाडी गेली की योहान घाटगे यायचे.
जन्मभर इंजिनात कोळसा मारलेला माणूस,
उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली.
डबा पुढं ठेवला की नाक नाही, आधी कान.
एकेक चिरूट कानाशी धरून दोन बोटांत फिरवायचे.
"कुरकुरला तर वाळला. गप्प बसला तर ओला.
ह्यो बघ, कुजबुजतोय. ह्यो दे."

मग अंगठा, बुडापासून टोकापर्यंत,
कणसात दाणा भरलाय का बघावा तसा.
मऊ लागलं तिथं पोकळ,
टणक लागली तिथं पानाची शीर.
"शीर आली की धूर अडतो, पोरी.
मग बस गाल आत ओढत."

काडी पेटवून जरा थांबायचे,
गंधक उडून जाऊ द्यायचे,
टोक जाळात घालायचे नाहीत, नुसतं वरून शेकायचे,
फिरवत, फिरवत.

एका अंगानं जळत गेला तर म्हणायचे,
"भट्टीत एकाच कोपऱ्यात फावडं रिकामं केलंय कुणीतरी."
आतला गाभा जळून वरचं पान तसंच राहिलं तर
"बोगदा!"
आणि स्वतःच हसायचे, शिट्टीसारखं.
राख पांढरी, बोटभर टिकली तर मान हलायची.
काळी, भुसभुशीत पडली तर फुंकर.
पैसे परत मागितले नाहीत कधी.
"रुपयाला दोन म्हणजे
दोनातला एक मेलेला धरूनच चालायचं."

मग मिशनच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला.
महिनाभर दुकानाकडं फिरकले नाहीत.

आले ते गुरुवारी, धुतलेला सदरा घालून.
रुपया ठेवला. दोन निवडले, कानानं, अंगठ्यानं,
नेहमीइतकाच वेळ घेऊन.
एक वडिलांपुढं धरला.
"तुम्ही ओढा. मी बघतो."

वडील, ज्यांनी आयुष्यभर तंबाखू विकला
आणि जिभेला लावला नाही,
त्यांनी माझ्याकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं,
आणि ओढला.
खोकले. डोळे भरले. पुन्हा ओढला,
कारण न ओढलेला चिरूट विझतो
हे त्यांनाही इतक्या वर्षांत कळलं होतं.

घाटगे वाकून बघत होते, हात पाठीमागं बांधून.
मालगाडी गेली. फळीवरच्या बाटल्या थरथरल्या.
राख जागची हलली नाही.
"अर्धा बोट. पाऊण. सरळ जळतोय, बघा की!"
वडिलांना बघवत नव्हतं काही.

संपला तेव्हा त्यांनी निकाल दिला:
"माल चांगला. ओढणारा कच्चा."

दुसरा चिरूट खिशात घालून ते निघाले.
टांग्यांपाशी एकदा थांबले,
खिशातून काढला,
कानाशी धरला.