तिसरा चतकोर

सोमवार, बुधवार, शुक्रवार,
मिश्कोल्त्सच्या सरकारी दवाखान्यात चार-चार तास
माझं रक्त बाहेर जाऊन धुऊन येतं.
डावा हात यंत्राच्या ताब्यात. उजव्याने पानं उलटते.
सहाशे बारा आहेत. अंगठ्याला घट्टा पडलाय.

नर्स बोर्बाला म्हणाली, अय्या, हे तर आम्हाला शाळेत होतं!
म्हटलं, मलाही होतं.
मग दोघी गप्प झालो,
एकाच दुकानात उधारी बुडवलेल्या बायकांसारख्या.

आम्ही चौघींनी मिळून एक गाइड घेतलं होतं.
बत्तीस पानी, पिवळं, पिना मारलेलं.
पिरोश्काने बापाच्या दाढीचं पातं आणलं
आणि जिन्याखाली बसून
भाकरीसारखे त्याचे चार चतकोर केले.
तिसरा माझा. पान सतरा ते चोवीस.
त्यामुळे मला नदी पाठ होती.
नदी म्हणजे काळ, नदी म्हणजे वियोग,
काठावरचा कंदील म्हणजे आशा, तीही एका वाक्यात.
ही माणसं कोण, कुठली,
नदीपाशी कशाला जमली,
ते योलानच्या आणि क्लारीच्या वाट्याला.
शेवट पिरोश्काकडे.

परीक्षेच्या सकाळी व्हरांड्यात तिला विचारलं,
शेवटी काय होतं गं तिचं?
ती ओठातल्या ओठात घोकत होती.
मान वर न करता म्हणाली,
मरते.

मी चिठ्ठी उचलली. अकरा नंबर. नदी!
मग मी अशी काही सुटले,
नळ सोडावा आणि बाहेरगावी जावं.
सालोकी सर खिडकीबाहेर बघत होते.
मी थांबल्यावर म्हणाले, छान.
आता सांग, त्या घरातल्या बोक्याचं नाव काय?

बोका?
सतरा ते चोवीसमध्ये बोका नव्हता.
घाम फुटला. म्हटलं, चिर्मोश.
(शेजारच्यांच्या बोक्याचं होतं ते.)
सर हसले नाहीत. पाचपैकी चार दिले.
तीस वर्षं मी धरून चालले,
एक गुण बोक्याने खाल्ला.

परवा दोनशे नऊ पानावर तो आला.
एका कानाचा, अंगावर बर्फ घेऊन, पायरीवर.
मोलकरीण त्याला दूध देते, मालकिणीला म्हणते,
नाव नका ठेवू त्याला.
नाव ठेवलं की गेल्यावर हाका माराव्या लागतात.

मी पुस्तक पोटावर पालथं घातलं.
यंत्र ओरडायला लागलं. बोर्बाला धावत आली,
काय होतंय, काय होतंय, म्हणत
रक्तदाब बघायला लागली.
काही नाही गं, म्हटलं.
सरांनी चार तरी का दिले असतील?

आज संपलं.

ती मरत नाही, पिरोश्का.
नदी ओलांडते. पलीकडे उतरते.
नावाड्याला विचारते, जेवलास का?
तो म्हणतो, अजून नाही.
पुढे कोरं पान.
मी ते उलटूनही पाहिलं, मागे काही राहिलंय का.

तुझ्या चतकोरावर मथळा असणार:
नायिकेचा अंत.
अगं, गोष्टीचा अंत असेल तो!
तू घाईत तिला मारलंस
आणि मी तीस वर्षं तिचं सुतक धरलं.
कुणी त्या पुस्तकाचा विषय काढला
की मान हलवून म्हणायचे,
हो ना, फार वाईट झालं बिचारीचं.
आणि समोरचाही मान हलवायचा.
त्याच्याकडे कुठला चतकोर होता कोण जाणे.

बोर्बालाने सुया काढल्या. कापूस दाबून धरला.
म्हणाली, संपलं वाटतं. काय होतं हो शेवटी?
सांगा ना थोडक्यात.

तोंडाशी आलं होतं. गिळलं.
म्हटलं, त्यात एक बोका आहे.

हो? ती म्हणाली. नाव काय त्याचं?