वाक्यात उपयोग करा

सातवी ब. एकोणचाळीस वह्या.
प्रश्न तिसरा : ‘चव’. अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.

पस्तीस जणांनी लिहिलंय, आमटीला चव आली.
एकाच वाटीतली आमटी
बाकावरून बाकावर सरकत गेलेली.

चन्नवीर हत्तुरे :
शेंगाचटणीला चव उखळाची असते, मिक्सरची नसते.
याची आई बाळीवेशीत चटणी कुटून विकते,
म्हणजे हे वाक्य नव्हे, जाहिरात.
तरी बरोबर.

मेहजबीन बागवान :
चौथ्या दिवशी नळ येतो तेव्हा, दादी म्हणते,
पहिली घागर पाइपाच्या चवीची,
दुसरी उजनीची,
तिसरीपासून पाणी.
स्वल्पविराम सगळे चुकलेले.
ते लावता लावता मी तिसऱ्या घागरीपाशी थांबले.

एकाने ‘चवचाल’ लिहून खाली विचारलंय,
बाई, हा शब्द याच घरातला का?
माहीत नाही रे. असेलही.
वाक्यात मात्र वापरू नकोस.

आणि श्रावंती गुंडेटी :
माझ्या आजोबांची चव दोऱ्याने खाल्ली.

लाल गोल केला. समासात लिहिलं,
चव खाल्ली जात नाही.
चव येते, जाते, लागते, कळते. घेतात. बघतात.
शून्य.
लिहून बरं वाटलं,
फळीवर डबे ओळीत लावल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी पोरगी काही बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी म्हणाली, बाई, घरी या.

दाजी पेठ. एक खोली, अर्धी मागाने अडवलेली.
माग बंद, त्यावर गाद्यांची चवड,
शेजारी रामुलू आजोबा.
कूर्चोंडि, म्हणाले. मग, बसा.
कोनाड्यातून धोटा काढला,
दोन्ही टोकांना लोखंड,
कुशीला भोक, मोहरीएवढं.

इथं ओठ लावायचा. श्वास ओढायचा.
आतल्या कांडीचा दोरा बाहेर.
दिवसातून शंभरदा, दोनशेदा.
किती वर्षं?
हे काय विचारणं झालं, अशा नजरेने पाहिलं.

लाल दोरा तुरट.
हिरवा जुन्या तांब्याच्या पैशासारखा.
काळा कडू, पण मागून गोड.
सांगताना जीभ टाळूला लावून बघत होते,
आहे का अजून.
पिवळ्याला हसले.
पिवळा मी जेवणाआधी कधीच ओढला नाही, बाई.

रात्रपाळीत दिवे गेले
की मुकादम यांनाच हाक मारी,
कांडी जिभेवर लावून रंग ठरे.
आता डाळीत मीठ आहे की नाही
ते सून सांगेल तेव्हा.
रुचि लेदु, म्हणाले, आणि हात झटकले.

रुचि. आमच्या पुस्तकात हाच शब्द
अभिरुची होऊन बसलाय,
धडा अकरावा, चार गुणांना.

सत्यम्मा विड्या वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,
जन्मभर माझ्या स्वैपाकाला नावं ठेवली,
आता गुमान खातो.
हसल्या.
मग नाही हसल्या.

शेंगापोळी आली. मी तुकडा मोडला.
कशी आहे? रामुलूंनी विचारलं.
छान.
छान म्हणजे?

वीस वर्षं मराठी शिकवते मी.
घास तोंडात तसाच धरून शोधत राहिले.
शेंगा खरपूस, म्हटलं. कडेला जराशी करपलीय.
गूळ दाढेत अडकतो. वेलदोडा
आहे, पण लाजतोय.
त्यांनी डोळे मिटले.
हां, म्हणाले.
अजून?

रात्री वही उघडून शून्य खोडलं. दोन दिले.
प्रश्नच दोन गुणांचा होता.

मग पोलक्याचं बटण लावायला बसले.
सुईचं नेढं दिसेना, म्हणून
दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं,
आणि थांबले.

पांढऱ्याचं विचारायचं राहिलं.