पाठकोरी

चांदणझिऱ्याच्या शाळेत
मधल्या सुट्टीनंतर मी वह्या तपासते.
एकोणचाळीस वह्या.
टेबलावर मिलच्या धुराची काळी भुकटी,
सकाळी पुसली तरी दुपारी पुन्हा.
आज तिच्यावर बोटानं कुणीतरी
‘बाइ’ लिहून ठेवलंय.
पुसायच्या आधी मी ती इ दीर्घ केली.
सवय.

एकविसावी वही श्रावस्ती खिल्लारेची.
दाभणानं शिवलेली, जाड दोऱ्यानं,
पुठ्ठा साडीच्या खोक्याचा.
पानं पाठकोरी.
एका अंगाला तिचा तेराचा पाढा,
दुसऱ्या अंगाला कुणाचंतरी
इंग्रजीतलं प्रकाशसंश्लेषण,
रंगवलेलं झाड, लाल शाईत चार ओळींचा शेरा:
मुळं का नाही दाखवलीस?
विचार कर, उद्या मला सांग.
आणि एक चांदणी.

अक्षर ओळखायला वेळ लागला नाही.
मे महिन्यात मीच बांधला होता तो गठ्ठा, रद्दीला.
शेषकलाबाई भांडी आटोपून
पदराला हात पुसत म्हणाल्या होत्या,
“मॅडम, मागून कोरी हायेत की. नेऊ का?”
न्या, म्हणाले.
आणि दिवसभर मला
काहीतरी दिल्यासारखं वाटत राहिलं.

शेषकलाबाई कुणाची आई
हे मला माहीत नव्हतं असं नाही.
पालकाचा व्यवसाय या रकान्यात
मीच लिहिलंय: मजुरी.
कुणाच्या घरी, असा रकाना नसतो.

माझा शर्विल सकाळी पावणेसातला
पिवळ्या व्हॅनमध्ये बसतो.
या एकोणचाळिसांना शिकवायचा पगार घ्यायचा
आणि त्यातून आपलं एक
दुसऱ्यांकडं शिकायला पाठवायचं.
कुणी विचारलं तर सांगते, यांचा आग्रह.
स्टाफरूममध्ये कुणी विचारत नाही.
सगळ्यांकडेच आग्रह आहे.

पान उजेडाला धरलं.
त्याच्या झाडाच्या फांद्यांतून तिचे आकडे दिसत होते.
तेर त्रिक एकोणचाळीस.
तेर पंचे पासष्ट.
तेर सत्ते
सत्त्याण्णव.
आणि शेजारी, ठसठशीत, माझी टिक.
खाली तारीख. सही.

हाक मारली. आली.
हे कुठून आणलंस गं, सत्त्याण्णव?
ती माझ्याकडं बघत राहिली,
मग टिकेवर बोट ठेवलं.
“तुम्हीच बरोबर दिलंय की, बाई.
मी तर आमच्या दादुल्याचंबी
तेच पाठ करून घ्यायलेय.”

खरंच, कानाला किती बरोबर वाटतं ते.
सत्ते, सत्त्याण्णव.
तिनं कानावर भरवसा ठेवला
आणि माझ्यावर.

मी माझी टिक खोडली.
एक्क्याण्णव लिहिलं, का ते समजावलं,
तेराच्या सात ओळी तिनं फळ्यावर ठिपक्यांनी काढल्या,
मोजल्या, दोनदा मोजल्या,
आणि म्हणाली, “मग सहा जास्तीचे कुणाचे होते?”
याचं उत्तर मला आलं नाही.

ती गेल्यावर उरलेल्या अठरा बाजूला सारल्या,
तपासून ठेवलेल्या वीस पुन्हा उघडल्या.
जूनपासून.
शिपाई कुलूप घेऊन दारात उभा राहिला,
“मॅडम, आज मुक्काम हाय का?”
रिक्षा चुकली. दुसरीही.
टिकांखाली काय काय निघालं
ते इथं सांगणार नाही,
त्या लेकरांना सांगायचंय आधी.

रात्री सिंकपाशी शेषकलाबाई.
नेहमीचा प्रश्न, नेहमीसारखा पाठमोरा:
“कसं हाय आमचं लेकरू, शाळेत?”
हुशार आहे हो, असं मी
सहा महिने म्हणत आलेय,
भाजी चिरता चिरता.

आज उठून नळ बंद केला.
खुर्ची ओढली.
बसा, म्हणाले.

त्या बसल्या नाहीत.
कोपरापर्यंत फेस, तशाच उभ्या,
“काही चुकलं का तिचं, मॅडम?”